डोंगर घरी नव्हते का?

पोखरा, नेपाळ

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करून आम्ही काल संध्याकाळी खाली पोखऱ्याला आलो. दोघंही धड आहोत, पायांचं तेवढं विचारू नका. वर रेंज नावालाच होती, त्यामुळे फोनवर "जेवलो, बरे आहोत" याच्या पुढे बोलणं गेलंच नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसले. दोडामार्गच्या आत्यालाही वाचून दाखवा. तिचे लाडू सगळ्यात वरच्या मुक्कामापर्यंत पुरले.

बाबा, निघताना तुम्ही म्हणाला होता, "डोंगर बघायला नेपाळ कशाला? आपला वाघेरी डोंगर काय पळून गेला?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाढलेल्याला चढाचं कौतुक नाही, हे खरंच. पण केरीहून चोर्ला घाट एकदा चढला की चढला. इथे छोमरोंग नावाचं गाव आहे, तिथवर जीव खाऊन चढायचं आणि मग दगडी पायऱ्यांनी थेट ओढ्यापर्यंत खाली उतरायचं. झुलता पूल ओलांडायचा आणि समोरच्या सिनुवा गावाला परत तेवढंच वर. परतताना हेच सगळं उलट. तुमचे जावई त्या पुलावर उभे राहून म्हणाले, "हा रस्ता ज्याने काढला त्याला एकदा भेटायचंय." पाठीवर आमच्या दुप्पट ओझं घेतलेला एक म्हातारा पोर्टर तेवढ्यात बाजूने निघून गेला, तेव्हा गप्प बसले.

आई, जेवणाची काळजी तू उगाच केलीस. डाळ, भात, पालेभाजी, बटाटा, वर गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार. परत परत वाढतात, पैसे एकदाच. मात्र छोमरोंगच्या वर मांस शिजवत नाहीत. पुढचं खोरं देवाचं, अशी इथल्या गुरुंग लोकांची श्रद्धा आहे. त्यामुळे सोमवार नसताना रोज शिवराक, म्हणजे शाकाहारी! जावयांनी तिसऱ्याच दिवशी माशाच्या हुमणाची आठवण काढायला सुरुवात केली.

एक गोष्ट आता खाली आल्यावर सांगते, रागावू नका. देउराली मुक्कामाच्या पुढे वाट हिउंचुली शिखराच्या उतारांखालून जाते आणि वरून हिमकडे सुटतात. 2020 च्या जानेवारीत देउरालीजवळच कोरियन ट्रेकर आणि नेपाळी गाईड गाडले गेले. म्हणून तो टप्पा ऊन तापायच्या आत पार करायचा. आमच्या गाईडने पहाटे अंधारातच उठवलं आणि तेवढ्या भागात थांबू दिलं नाही, फोटोसुद्धा नाही. पुढे 3700 मीटरवर माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला उंचीमुळे यांचं डोकं धरलं. लसणाचं सूप पाजलं, भरपूर पाणी दिलं आणि तो दिवस तिथेच काढला. डोकेदुखी वाढली तर खाली, मग कितीही जवळ आलेले असा, असा नियम आहे. रात्री दुखणं उतरलं, म्हणून पुढे गेलो.

अन्नपूर्णा बेस कॅम्प 4130 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. पहाटे बाहेर आलो तेव्हा सगळे डोंगर काळे होते. मग अन्नपूर्णेच्या, 8091 मीटरच्या, फक्त माथ्यावर ऊन पडलं आणि हळूहळू कड्यावरून खाली सरकू लागलं. आम्ही मात्र अजून सावलीत कुडकुडत. 3 जून 1950 ला दोन फ्रेंच गिर्यारोहक पलीकडच्या, उत्तरेच्या बाजूने तिथे पोचले. आठ हजार मीटरवरचं माणसाने गाठलेलं ते पहिलं शिखर, एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. उतरताना थंडीने त्यांची बोटं गेली. खाली हिमनदी आहे म्हणे, पण दिसतो नुसता दगडमातीचा राडा. मधूनच त्यातून धोंडे गडगडल्याचा आवाज येतो.

पण बाबा, तुम्हाला आवडला असता तो माच्छापुच्छ्रे. 6993 मीटर, शेंडा माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. 1957 मध्ये एक ब्रिटिश तुकडी अगदी माथ्याजवळ जाऊन मागे फिरली आणि त्यानंतर त्यावर चढायला परवानगीच मिळत नाही, कारण तो पवित्र मानतात. लोक लांबून बघतात, हात जोडतात, पुढे जातात. मला आपल्या केरीची देवराई, आजोबाची राई आठवली. तिथे कोयता नेत नाहीत, तसंच हे. एवढा मोठा डोंगर, एवढे पैसेवाले गिर्यारोहक, आणि तरी तो तसाच राखलाय. मला विचाराल तर सगळ्या वाटेत हेच जास्त पटलं, बेस कॅम्पपेक्षाही.

खर्चाचं म्हणाल तर भारतासारख्या सार्क गटातल्या शेजारी देशांतल्या माणसाला या भागात फिरायचा परवाना हजार नेपाळी रुपयांत मिळतो, आपले सव्वासहाशे. गोऱ्यांना तिप्पट. गरम पाण्याच्या आंघोळीला मात्र वर जावं तसे जास्त मोजावे लागतात. आम्ही किती आंघोळी केल्या ते विचारू नका.

काजू कसा आहे यंदा? बोंडं गोळा करायला बाबांनी एकट्याने वर जाऊ नये, गुडघा सांभाळावा.

आणि घांद्रुक गावापर्यंत आता जीप जाते. तिथल्या अंगणात खुर्ची टाकून बसलं तरी माच्छापुच्छ्रे समोर दिसतो. जावई पुढच्या वर्षी तुम्हा दोघांना घेऊन यायचं म्हणतायत. पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आईचं कपाटात साड्यांखाली आहे. बाबा, तुमचं कुठे ठेवलंय ते आतापासून शोधा.

तुमची,
बाय