व्याज नको म्हणणाऱ्या खातेदाराला शाखेत नीट उत्तर मिळावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इस्लामी किंवा व्याजमुक्त बँकिंगचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा थेट राजकारणात शिरते आणि ज्या खातेदाराचा हा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे, तो बाजूलाच राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील बँक शाखांमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला अधिकारी या नात्याने या खातेदाराविषयी लिहीत आहे.

दापोली, खेड, चिपळूण, राजापूर या भागांतील असंख्य मुस्लिम कुटुंबांतील माणसे नोकरीसाठी आखातात गेली आणि त्यांची कमाई इथल्या शाखांमध्ये येत राहिली. त्यांच्यापैकी काही जण व्याज घेणे धर्माला मान्य नाही म्हणून मुदत ठेव करत नसत. कोणी मोठी रक्कम चालू खात्यात नुसती पडू देई, तर कोणी बचत खात्यावर जमा झालेले व्याज वेगळे काढून, पुण्य मिळण्याची अपेक्षा न धरता, गरजूंना देऊन टाकी. अशा खातेदाराला ‘व्याज नको तर बँकेत कशाला येता?’ असे विचारणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि ते ऐकून मुकाट्याने पासबुक उचलून निघून जाणारे वृद्ध खातेदारही. त्या प्रश्नामागे द्वेष क्वचितच असे. बहुतेक वेळा असे ते निव्वळ अज्ञान, आणि त्यात मुदत ठेवींचे उद्दिष्ट पूर्ण करण्याची घाई. वास्तविक चालू खात्यातील रकमेवर बँकेला एक पैसाही व्याज द्यावे लागत नाही, त्यामुळे असा ठेवीदार बँकेच्या दृष्टीने सर्वांत कमी खर्चाचा. तरीही त्याच्याकडे अडाणी म्हणून पाहिले जाई, हे मला आजही खटकते.

अज्ञान खातेदारांच्या बाजूलाही आहे, हे मान्य केले पाहिजे. इस्लामी बँक म्हणजे फुकट कर्ज, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मुराबाहा व्यवहारात बँक ग्राहकाला हवी असलेली वस्तू स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून त्याला हप्त्यांनी विकते. इजाऱ्यात वस्तू भाड्याने देते. मुदारबात एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असून नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, आणि हलगर्जी झालेली नसेल तर आर्थिक तोटा भांडवल देणाऱ्याने सोसायचा असतो. आखातातून परतलेली मंडळी तक्रार करत की हप्ता जवळपास इतर बँकांइतकाच बसतो आणि दोन व्यवहारांतला फरक विचारला तर तिथल्या कर्मचाऱ्यालाही तो धड सांगता येत नाही. ज्या कर्मचाऱ्याला आपण विकत असलेल्या सेवेचे तत्त्वच पटवून दिलेले नाही, त्याच्याकडून ग्राहकाचा विश्वास कसा मिळवला जाणार?

आपल्या देशात अशी बँक का नाही, याचे कारण मुख्यतः कायद्यात आहे. 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम 8 बँकेला मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई करते, आणि मुराबाहा तर खरेदी-विक्रीवरच उभा आहे. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2008 मध्ये व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले, 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या दीपक मोहंती समितीने नेहमीच्या बँकांतच व्याजमुक्त खिडकी, म्हणजे अशा सेवांचा वेगळा कक्ष, उघडण्याची शिफारस केली. मात्र सर्व नागरिकांना बँकिंग सेवांच्या व्यापक आणि समान संधी उपलब्ध आहेत, असे कारण देऊन हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय झाल्याचे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात सांगितले. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे माझे मत आहे, परंतु तो संसद आणि रिझर्व्ह बँक यांच्या अधिकारातील विषय आहे. समान संधीचे आश्वासन शाखेत खरे ठरावे, एवढी अपेक्षा मात्र आजच्या कायद्यातही रास्त आहे.

कारण बँकेत उत्तर मिळाले नाही की माणूस ते बाहेर शोधतो. बंगळुरूच्या आयएमए कंपनीने ‘व्याज नव्हे, नफ्यातील वाटा’ असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत गोळा केली आणि 2019 च्या जूनमध्ये तिचा प्रमुख देश सोडून पळाला. त्यात निवृत्तीचे पैसे होते, मुलींच्या लग्नासाठी साठवलेले पैसे होते. त्या लोकांना कोणी लोभी म्हटले की मला फार वाईट वाटते, कारण श्रद्धेला धक्का न लावता बचत कुठे ठेवावी, या त्यांच्या साध्या प्रश्नाला अधिकृत व्यवस्थेने कधी गांभीर्याने घेतलेच नव्हते.

म्हणून राज्यातील बँकांच्या, विशेषतः नागरी सहकारी बँकांच्या, व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की कर्मचारी प्रशिक्षणात या विषयासाठी एक तास ठेवावा. चालू खात्याचे शुल्क आणि किमान शिल्लक किती, खात्यावर जमा झालेले व्याज दान केले तरी प्राप्तिकरासाठी ते उत्पन्नच का धरले जाते, शरियतच्या निकषांवर चालणारे आणि सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमांखालील म्युच्युअल फंड कोणते आणि त्यांत बाजाराची जोखीम कशी असते, हे काउंटरवरच्या माणसाला मराठीत शांतपणे सांगता आले पाहिजे. नफ्याची हमी देणारी ‘हलाल’ योजना हाती आली, तर ती नोंदणीकृत आहे का हे आधी तपासा, हेही त्यानेच खातेदाराला सांगावे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी