जुन्या गाडीचे हेड घासण्यापूर्वी नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहरात जुन्या गाड्या हौसेने जपणारे वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, उघडायचे काम निघाले की ‘हेड उघडलेच आहे तर थोडे जास्त घासून घ्या, कॉम्प्रेशन वाढेल, पिकअप सुधारेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो, त्याविषयी हे पत्र आहे. वाकलेले हेड सपाट करण्यापुरते फेसिंग ही दुरुस्ती आहे आणि तिला कोणाची हरकत नसावी. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी मुद्दाम धातू काढणे हे निराळे काम असून ते मोजमापाशिवाय करू नये आणि गाडीच्या मूळ हेडवर तर मुळीच करू नये, असे माझे मत आहे.

१४८९ सीसीच्या जुन्या अॅम्बॅसडरचे उदाहरण घेऊ. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३७२ घन सेंमी होते. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, ७.२ धरला, तर पिस्टन वर असताना गॅस्केटच्या जाडीसह सुमारे ६० घन सेंमी जागा उरते. तो ८.३ करायचा तर ही जागा ५१ वर आणावी लागेल. हेडमधल्या चेंबरच्या, म्हणजे मिश्रण जळते त्या खोलगट जागेच्या, तोंडाचे क्षेत्रफळ ३५ चौरस सेंमी धरले, तर एक मिलिमीटर घासल्याने साडेतीन घन सेंमी कमी होतात. म्हणजे हेडमधून अडीच मिलिमीटरहून जास्त धातू जाईल. इतके पातळ झालेले हेड पाण्याच्या जॅकेटपाशी (हेड थंड ठेवणारे पाणी खेळते त्या पोकळीपाशी) किती काळ सरळ राहील, हे लेथवाल्याला विचारून पाहावे. शिवाय हेड तेवढे खाली आल्याने पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला ढकलणाऱ्या दांड्या) लांब पडतात, म्हणून रॉकरच्या पायांखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालावे लागतात; स्टडवरची नटे आटे संपून अडकत नाहीत ना, हेही पाहावे लागते. एवढ्या खटाटोपातून सैद्धांतिक कार्यक्षमता वाढते ती सुमारे साडेचार टक्क्यांनी.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. आदर्श हवेच्या सूत्राने हिशेब केला, तर २० अंशांची हवा ८.३ पट दाबल्यावर सुमारे ४१० अंशांपर्यंत तापते. आपल्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा मात्र नुसती ७.२ पट दाबली तरी ४२७ अंशांच्या आसपास पोहोचते, आणि ८.३ पट दाबली तर ४६८ अंशांवर. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे काहीसे वेगळे येतात, पण त्यांचा कल हाच राहतो. थोडक्यात, कंपनीने दिलेले कमी कॉम्प्रेशनही नागपूरच्या उन्हात थंड देशातल्या जास्त कॉम्प्रेशनहून कडक ठरते. ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले हवा-पेट्रोलचे मिश्रण आपोआप पेटले की नॉकिंग सुरू होते, आणि ते थांबवायला डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागे घेतले, म्हणजे ठिणगी उशिरा पाडली, की मिळवलेल्या साडेचार टक्क्यांतले बरेचसे तिथेच निघून जातात.

यावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, ९५ आहे, साध्या पेट्रोलचा ९१ होता, तेव्हा आता भीती कशाची, असे उत्तर मिळते. ते अर्धेच बरोबर आहे. इथेनॉल नॉकिंगला विरोध करते हे खरे, पण त्यातच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या) कार्ब्युरेटरमधून मिश्रण पातळ, म्हणजे गरजेपेक्षा कमी पेट्रोलचे, येते. नव्या गाडीतला सेन्सर ते सावरून घेतो. जुन्या गाडीत जेट बदलला नाही तर इंजिन अधिक तापते. मऊ बीडाच्या व्हॉल्व्ह सीटचाही (व्हॉल्व्ह टेकते त्या कडेचाही) विचार करावा लागतो, कारण शिशामुळे त्यांना मिळणारे संरक्षण २००० सालीच शिसेयुक्त पेट्रोलबरोबर संपले.

कॉम्प्रेशन वाढवणे सरसकट चूक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए चा मूळ रेशो ४.२२ एवढाच आहे. तिथे तो साडेपाचपर्यंत नेल्याचा फरक चढावर स्पष्ट जाणवतो. पण त्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि हवा हेडखालच्या चिंचोळ्या वाटेने सिलिंडरमध्ये जाते. हेड घासले की तीच वाट आवळते आणि उघडणारा व्हॉल्व्ह छताला टेकण्याचा धोका येतो. त्यामुळे जाणकार जुने हेड घासत नाहीत, त्या रेशोचे नवे हेड बसवतात आणि मूळ हेड तेल लावून ठेवून देतात. ओतीव बॅबिटचे (मऊ मिश्रधातूचे) बेअरिंग नॉकिंगचे घाव फार सोसत नाहीत, म्हणून तेही साडेपाच-सहाच्या पुढे जाताना दहादा विचार करतात.

शेवटी नियमाचा भाग. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. घासलेले हेड हा मोठा फेरबदल ठरतो का, यावर वाद होऊ शकेल. परिवहन विभागाने तो मुद्दा लेखी स्पष्ट करावा. तोवर शहरातल्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे की, हेडला हात लावण्यापूर्वी काचेची पट्टी आणि ब्युरेट (द्रव मोजायची खुणांची नळी) घेऊन चारही चेंबर मोजावेत, आणि किती धातू काढला व किती जाडी उरली हे हेडच्या कडेवर ठोकून बिलावरही लिहावे, म्हणजे पुढच्या मालकाला ते हेड पुन्हा मशीनवर चढवायचे की नाही हे ठरवता येईल.

आपला,
यंत्रकामातून निवृत्त झालेला एक वाचक,
महाल, नागपूर