सही करण्याआधी वाच

पुणे, 5 फेब्रुवारी 2026

प्रिय सुध्या,

बिल्डरकडे अडकलेल्या कंत्राटाच्या पैशांची तुझी फाईल दिवाळीत आली आणि उत्तर आज लिहितोय. शिव्या भेटल्यावर घाल. गुडघा ठीक, बीपीची गोळी चालू, आई बरी. झालं तब्येतीचं.

काल रात्री तुझा मेसेज वाचला: 'पुढच्या आठवड्यात फायनल बिलाचा चेक, फक्त एका कागदावर सही.' तो कागद म्हणजे 'सर्व येणे मिळाले, यापुढे दावा नाही.' मुकाट सही केलीस तर 'दबावाखाली केली' हे सिद्ध करणं तुझ्या गळ्यात पडेल. चेक घे, पण सहीच्या वर हाताने लिही: 'निषेधासह; खडकाचा ज्यादा दर, उशिरापोटी कापलेला दंड आणि बिलातून राखून ठेवलेलं रिटेन्शन यांचे दावे राखून.' बिल्डर लिहू देत नसेल तर त्याच दिवशी ईमेल कर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठव. महिन्याने केलेला निषेध लवादाला मागाहून सुचलेलं शहाणपण वाटतो.

आता खरी काळजी. बाणेरचं काम जून 2023 मध्ये संपलं. केलेल्या कामाच्या पैशांना मुदत कायद्याच्या अनुच्छेद 18 प्रमाणे तीन वर्षं, तीही काम झाल्यापासून. म्हणजे उरले चार महिने. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत त्याने पाजलेल्या चहाने मुदत वाढत नाही, तुझ्या चौदा स्मरणपत्रांनीही नाही. देणं लागतो असं त्याने सहीनिशी लिहून दिलं, तेही मुदत संपण्याआधी, तरच मोजणी नव्याने सुरू होते. मधे त्याने तीन लाख भरले त्याचाही कलम 19 खाली उपयोग होतो, पण त्या भरण्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची हवी. नुसत्या बँक एंट्रीवर विसंबू नकोस. रिटेन्शनचं वेगळं. डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, जून 2024 ला संपली, त्याची तीन वर्षं तिथून.

तेव्हा लवादाची नोटीस मे संपण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे. लवाद कायद्याच्या कलम 21 मध्ये नोटीस मिळाल्याची तारीख धरतात, पोस्टात टाकल्याची नाही. करारात 'लवाद बिल्डर नेमेल' असं आहे म्हणून तू हातपाय गाळलेस. अरे, एका पक्षाने परस्पर एकटा लवाद नेमायचा हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मोडीत काढलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने त्यावर पुन्हा बोट ठेवलं. तू तीन निवृत्त इंजिनिअरांची नावं सुचव, तीस दिवस थांब, मग कलम 11 खाली उच्च न्यायालय. आणि ते तुझं लाडकं कोल्हापूरचं सर्किट बेंच इथे चालणार नाही. करारात लवादाचं ठिकाण पुणे आहे, म्हणजे मुंबईच गाठावी लागेल.

खडकाचा दावा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कच्चा. बीओक्यूत (करारातल्या कामांच्या यादीत) मुरूम, अडीच मीटरखाली काळा पाषाण, शेजारी इमारती म्हणून सुरुंग नाही, महिनाभर ब्रेकर. हे सगळं खरं, पण कागद? मूळ जमिनीची लेव्हल, खडक लागला तिथली लेव्हल, तळाची लेव्हल, तिन्हींवर त्यांच्या इंजिनिअरची सही लागते. तुझ्याकडे मधलीच नाही! मग ब्रेकरच्या लॉगशीट, डंपरची चलनं, तारखेसह फोटो, सगळं गोळा कर. उपसलेल्या दगडाचे ढीग मोजून आकडा काढलास तर पोकळीपोटी निम्मं वजा धरतात, हेही लक्षात ठेव. लेव्हलिंगच्या जर्नलवरून आपण आठ दिवस बोललो नव्हतो ते आठवतंय? अजूनही माझंच बरोबर होतं.

पाच टक्के दंडाचं मला फार भय नाही. ड्रॉइंग उशिरा आल्याच्या नोंदी हिंडरन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या वहीत, आहेत (ते तरी लिहिलंस). शिवाय करार कायद्याच्या कलम 74 मधली रक्कम ही वरची मर्यादा; नुकसानच झालं नसेल तर ती आपोआप मिळत नाही. आणि उशिरा झालेलं काम ताब्यात घेताना त्याने भरपाई मागणार असल्याची सूचना दिली होती का, ते कलम 55 साठी शोध. मला फाईलमध्ये दिसली नाही.

करार साध्या कागदावर आहे. मुद्रांक शुल्क आणि दंड भरून ते दुरुस्त होतं, आत्ताच भरून टाक.

ऋताच्या नोकरीचं कळलं, पेढे राहिले. वहिनींना नमस्कार. नंदूला इतक्यात काही सांगू नकोस, तो उद्याच बिल्डरच्या ऑफिसात बसलेला असेल.

जाण्याआधी फोन कर. आणि मूळ मेजरमेंट बुक (मोजमापांची वही) सोबत नेऊ नकोस, झेरॉक्स ने.

तुझा,
अव्या