शेततळ्यातली आगबोट

प्रिय दत्त्या,

पत्र बघून घाबरू नको, सगळे ठीक आहेत. फोनवरच सांगणार होतो पण फोनवर तू नुसतं हां हां करतोस आणि मागं लॅपटॉप टकटक वाजत असतो, आणि ह्यात एक गोष्ट अशी आहे की ती तुला शांत बसून वाचायला लावायचीय. ती मधीच कुठंतरी येईल, उडी मारून खाली जाऊ नको.

तर गड्या, मी आगबोट बनवलीय. हसलास ना? सगळेच हसायलेत. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं जळलेल्या पंपाच्या मोटरी रिवायंडिंगसाठी पडलेल्या असतात तिथं, दीड वर्ष रोज रात्री शटर ओढल्यावर हेच चाललं होतं. किट-बिट काही नाही, पार लाकडापासून. आणि कुठं, तर लातूरमध्ये. ज्या गावाला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, आठवतं ना मी तुला स्टेशनवरून फोन केलता, त्या गावात माणूस जहाज बांधायलाय. आबा म्हणले, "आधी पाणी तरी आण लेका."

सुरुवात झाली मुंबईत. पोरीच्या परीक्षेला गेलतो, तिचा पेपर सुटेपर्यंत गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो, उगंच, आणि येताना ते गोदीतले क्रेन बघत बसलो. घरी आल्यावर रात्री मोबाईलवर मुंबईच्या जुन्या गोदीचं वाचायला लागलो आणि मग काही सुटेना. तिथं वाडिया म्हणून पारशी घराणं पिढ्यानपिढ्या जहाजं बांधायचं, सगळी सागवानी, इंग्रजांच्या आरमारासाठीसुद्धा. त्यांचं १८१७ चं एक जहाज, त्रिंकोमाली, अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. सागवान आपलं, हात आपले, आणि दोनशे वर्षं झाली तरी कुजलं नाही. आपल्याकडं सिमेंटचा रस्ता दोन पावसाळे काढत नाही.

त्याच गोदीत १८२९ ला ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधली. आबा तिला लिंडशीबाई म्हणतात, आता घरात तेच नाव पडलंय. १४० फूट लांब, २५ फूट रुंद, ४११ टनी, ऐंशी-ऐंशी घोड्यांची दोन इंजिनं आणि दोन्ही कुशीला पात्यांची मोठी चाकं. पंखा नाही, तो नंतर आला. २० मार्च १८३० ला ही बया मुंबईहून निघाली ती २२ एप्रिलला सुएझला. मुंबई ते सुएझ वाफेवर जाणारी पहिलीच. आणि मजा ऐक, हिच्यात कोळसा ठेवायची जागा साडेपाच दिवसांची आणि अदनपर्यंत लागणार होते अकरा दिवस. मग काय केलं, केबिनमध्ये कोळसा, डेकवर कोळसा, माणसं कुठं झोपली देव जाणे. आपल्या जीपवाल्यांची विद्या! अदनला पोचली तेव्हा काही तासांचाच कोळसा उरलेला. मग तिथं भरायला सहा दिवस, पुढं जेद्दाला पाच दिवस. वाफेवर चालली फक्त २१ दिवस, बाकी कोळशाची वाट बघत उभी. ते वाचलं आणि मला उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी आपली गल्ली दिसली. म्हणलं बनवायची तर हीच.

आता माप. खऱ्या चार फुटाला आपला एक इंच, म्हणजे १:४८. भागून बघ, लांबी बरोबर ३५ इंच आणि रुंदी सव्वासहा. देव्हाऱ्यापेक्षा जरा मोठी, पाळण्यापेक्षा लहान. पण खरी गंमत वजनात आहे, लांबी ४८ पट कमी केली तर वजन ४८ पट कमी होत नाही, ४८ गुणिले ४८ गुणिले ४८ पट होतं, एक लाख दहा हजारांच्या वर. वरचे ४११ टन म्हणजे जहाजात किती मावतं त्याचं माप, पाण्यात बसलेल्या जहाजाचं वजन त्याहून जास्त असतं, त्या हिशोबानं माझी बोट पाण्यात बरोबर बसायची तर सहा किलोच्या आसपास पाहिजे. आणि वेग वर्गमुळाच्या हिशोबानं, म्हणजे सातपट कमी. खरी सहा नॉटनं, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरनं चालायची, तर माझी सेकंदाला अर्ध्या मीटरला जरा कमी, म्हातारं माणूस शतपावली घालतं तेवढी. यूट्यूबवर लोकं बोटी सुळकन पळवतात त्या बघायला बऱ्या वाटतात पण खोट्या दिसतात, मोठं जहाज असं उंदरासारखं पळत नसतं.

सांगाडा प्लायवूडचा. मधला कणा, ज्याला कोकणातले लोक पठाण म्हणतात, तो १२ एमएमचा आणि त्यावर १५ आडव्या फासळ्या सहा एमएमच्या. हे सोपं. अवघड होतं ते लाकूड, वरच्या पट्ट्यांचं. मला सागवानच पाहिजे होतं. किनवटचं साग वखारीत मिळतं पण नवं लाकूड वळवलं की पिळा मारतं, दोन पट्ट्या फुकट घालवल्या. जुनं, मुरलेलं पाहिजे.

आता ते सांगतो. दत्त्या, ते लाकूड तुझं आहे.

आमच्या आखाड्यावर गोठ्यात तुमच्या घराची चौकट उभी होती ना, ९३ पासून. विसर्जनाच्या रात्रीच्या त्या भूकंपानंतर आठ-दहा दिवसांनी तुझे अण्णा आणि आबा दोघांनी ती दगडमातीतून काढून बैलगाडीत घालून आणली, अण्णा म्हणले असू दे, नव्या घराला लावू. मग पुनर्वसनात मिळालेल्या घराला लोखंडी दार आलं, मग तुम्ही पुण्याला गेलात, मग अण्णा गेले. तीस वर्षं ती तिथं कडब्याला टेकून उभी. मी आबांना विचारलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले त्याला विचार. मी तुला विचारलं नाही. तीनदा फोन लावला आणि तीनदा सोयाबीनच्या भावावर बोलून ठेवला. दोन्ही उभे खांब आरा मशीनवर नेले आणि कापले. दोन एमएम जाड, सहा एमएम रुंद पट्ट्या काढल्या. आतून इतकं पिवळंधमक निघालं आणि इतका वास सुटला की मशीनवाला पण थांबला. वरची गणेशपट्टी मात्र कापली नाही. ती घासून, जवसाचं तेल लावून माझ्या दुकानात ठेवलीय. शिव्या द्यायच्या असतील तर ह्या ओळीला दे, पुढं वाच मग.

सागाला नैसर्गिक तेल असतं, त्यामुळं ते कुजत नाही पण त्यामुळंच त्याला गोंद धरत नाही. आधी थिनरनं पुसायचं, मग लगेच एपॉक्सी. नाळेकडं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडं, वळण मोठं, तिथं पट्टी अर्धा तास गरम पाण्यात आणि मग सोल्डरिंगच्या मोठ्या गनवर टेकवत टेकवत वाकवायची, घाई केली की टच्. आणि पट्ट्या सरळ बसत नाहीत, मधी पोटाला घेर जास्त आणि टोकाला कमी, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडं निमुळती करायची, कणसाची पानं कशी वर मिळत जातात तशी. एका रात्री चार पट्ट्या, दोन ह्या बाजूला दोन त्या बाजूला. एकाच बाजूच्या आधी लावल्या तर सांगाडा केळ्यासारखा वाकतो, हे मला वाकल्यावर कळलं.

मग चाकं. गड्या, चाकांनी रडवलं. शाळेच्या सहलीत पाणचक्की बघितलती ना, तू तिथं चप्पल हरवलतीस. तिथं पाणी चाकाला फिरवतं, इथं चाकानं पाण्याला ढकलायचं, मला वाटलं उलटंच तर करायचंय. प्रत्येक चाकाला बारा पाती, पितळी पट्टीचे आरे. एक आरा सोल्डर केला की शेजारचा सुटायचा, कारण पितळ उष्णता पुढं नेतं. शेवटी प्लायमध्ये खाचा पाडून साचा केला, त्यात सगळे आरे दाबून बसवले आणि झालेल्या जोडावर ओल्या फडक्याची चिंधी ठेवत पुढं गेलो. चार चाकं केली, दोन चालली.

चार का, तर पहिली जोडी पावणेपाच इंचाची होती आणि पाण्यात फार बुडायची. पक्क्या पात्याच्या चाकाचं असं असतं की पुढून आत शिरणारं पातं पाण्याला थापड मारतं, मागून बाहेर येणारं पातं पाणी उचलून वर फेकतं, आणि सरळ मागं रेटायचं काम करतं ते फक्त तळाचं एखाद-दुसरं. जास्त बुडवलं की थापडा आणि फेकाफेकीच चालते. माझी बोट जागेवर उभी राहून म्हशीसारखी शेपटीनं पाणी उडवायली होती आणि क्लँप मीटरवर करंट दोन अँपिअरवरून पाचला. मोटरवाल्याला करंट बघितला की दुखणं कळतं. चाक चार इंचाचं केलं, तळाचं पातं जेमतेम बुडेल एवढं, करंट खाली आला आणि बोट पुढं सरकली. मग डोक्यात प्रकाश पडला की लिंडशीबाईचं पण हेच झालं असणार, दुप्पट कोळसा भरल्यावर मुंबईतून निघताना चाकं खोल गेलेली असणार, आणि कोळसा जळेल तसं जहाज वर उठणार.

नंतरच्या आगबोटींनी ह्यावर उपाय काढला, पाती बिजागरीवर आणि त्यांना आसापासून जरा सरकवलेल्या मध्याला जोडलेल्या काड्या, म्हणजे पातं पाण्यात असेपर्यंत जवळजवळ उभंच राहतं. सिद्धेश्वराच्या जत्रेतला आकाशपाळणा आठव, चाक फिरतं पण पाळणे सरळच लटकतात, तसं. मला ते करायचा लई मोह झाला पण लिंडशीबाईच्या काळचं चाक पक्क्या पात्याचंच, म्हणून हात आवरला.

मोटर कुठली सांग बरं. जुन्या जीपच्या वायपरची, भंगारातून. तिला आत वर्म गिअर असतोच, मिनिटाला साठ-पासष्ट फेरे. चाकाला पाहिजे सव्वाशेच्या आसपास, मग प्रिंटरमधले नायलॉनचे गिअर लावून दुप्पट केले. बॅटरी यूपीएसची, बारा व्होल्ट सात अँपिअर-अवर, तीच दोन किलो. तरी वजन कमी पडलं म्हणून टायरवाल्याकडून चाक बॅलन्सिंगचं शिसं आणलं, सव्वा किलो, वितळवून तळाशी ओतलं. सुनीता म्हणली आता ह्या वासानं पोरं आजारी पाडा. बरोबर होतं तिचं, पुढचं सगळं मागच्या अंगणात केलं.

गळतीची टेस्ट धुण्याच्या हौदात. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, त्यामुळं हौद भरल्या भरल्या त्यात बोट सोडणे म्हणजे घरात काय झालं असेल ते तूच समज. रात्रभर ठेवली, सकाळी आत वाटीभर पाणी. दोन दिवस शोधत होतो कुठून येतंय, सगळे जोड खडूनं घासले, काही नाही. मग बॅटरीचा प्रकाश आतून टाकला तर डाव्या कुशीत एका पट्टीवर मुगाएवढा ठिपका चमकायला. भोक. गोंदात भरलेलं, वरून दिसत नव्हतं. खिळ्याचं भोक होतं दत्त्या, कडी-कोयंड्याचा खिळा. तुमच्या दाराची ती कडी, जी काकू रात्री आतून लावायच्या आणि आपण बाहेर राहिलो की वाजवत बसायचो. लाकडाची खुंटी करून ठोकली आत. रंगसुद्धा दिला नाही त्या जागेला, बघशील तेव्हा दाखवतो.

पाण्यात खरी सोडली ती आबांच्या शेततळ्यात. तीस बाय तीस मीटरचं, कागद टाकलेलं, कडेवरून पाय घसरला तर वर येता येत नाही म्हणून कमरेला दोरी बांधून उभा राहिलो आणि बोटीला मासेमारीचा नायलॉन. पलीकडच्या आखाड्यावरची सगळी गोळा झालती. बटण दाबलं आणि ती निघाली. आवाज, अरे, आवाज ऐकायला पाहिजे होतास, थप थप थप थप, कुणी ओल्या कपड्यावर हळू हळू थापटणं मारावं तसा. चोवीस मीटर पंचावन्न सेकंदांत. मोबाईलवर भागाकार केला, सेकंदाला ०.४४ मीटर. कागदावर जे काढलं होतं तेच. आबा काही बोलले नाहीत, टोपी काढून डोकं खाजवलं फक्त.

वळत मात्र नाही. जुन्या आगबोटीसारखी दोन्ही चाकं एकाच आसावर ठेवलीत, दोन्ही बरोबरच फिरणार, मग वळायचं सगळं काम एवढ्याशा सुकाणूवर. निम्मं शेततळं लागतं तिला तोंड फिरवायला, दोनदा कागदाला जाऊन धडकली. पोरगी म्हणते दोन मोटरी लावा, एक चाक पुढं एक मागं, जागेवर फिरेल ट्रॅक्टरसारखी. बरोबर आहे तिचं पण मग ती लिंडशीबाई राहत नाही. सुकाणू मोठं करून बघणार आहे, नियमात बसत नाही पण दोन मोटरींपेक्षा कमी पाप.

धुराडं अजून बाकी आहे, सध्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा काळा करून लावलाय, लांबून बरा दिसतो. डोलकाठ्यांना दोरखंड बांधायचेत. तू येताना पुण्याहून तीन एमएमचा पितळी रॉड आण, मीटरभर, आणि बारीक पितळी साखळी, इथं सोनाराकडं मिळते पण तो सोन्यासारखा भाव सांगतो.

आणि बघ, शेततळ्यात पाणी फेब्रुवारीपर्यंतच असतं, नंतर ते हरभऱ्याला आणि जनावरांना जातं. त्याच्या आत ये. काकूंना घेऊन ये जमलं तर, गणेशपट्टी त्यांच्याच हातात द्यायचीय, मी कुरिअरनं पाठवणार नाही. कडीचं त्यांना सांगू नको आधी.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंद्या