सुई मारून मोकळे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला बाळंतपणावरचा लेख वाचला. ऑक्सिटोसिन दिलं की कळा येतात, असं एका ओळीत उरकून लेखक लगेच ‘मायेचं हार्मोन’ या लाडक्या विषयाकडे वळले. चालायचंच, बाळंतपण काही त्यांना करायचं नव्हतं.

माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. गर्भपिशवी नऊ महिने तिला शांत ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या धाकात असते. दिवस भरत आले की तिच्या स्नायूंवर ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून घेणाऱ्या जागा, वाढतात, प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे पिशवीचं तोंड मऊ पडतं, तेव्हा कुठे ती या हार्मोनला नीट दाद देते. शिवाय वारेतून (प्लॅसेंटातून) ऑक्सिटोसिनेज नावाचं एन्झाइम येतं, ते रक्तातलं ऑक्सिटोसिन सतत तोडत असतं. म्हणून तर ते सलाईनमधून थेंब मोजून द्यायचं. कळा फार झाल्या तर सलाईन बंद करा, थोड्या वेळात जोर ओसरतो. कमरेत टोचलेलं मात्र काढून घेता येत नाही. ते रक्तात उतरतच राहतं.

हे लिहायला हवं होतं, कारण ‘सुई मारून’ बाई पुढे पाठवणारे महाभाग आहेत. एका पहिलटकरणीला जीपमधून आणलं होतं. पिशवीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलेलं, एक कळ उतरायच्या आत दुसरी, बाळाचे ठोके पडत चाललेले. चिठ्ठीवर इंजेक्शनची नोंदच नाही. सासूबाई मला म्हणतात, “सिस्टर, तिकडच्या डॉक्टरांनी एक दिलीय, तुम्ही अजून एक द्या की, लवकर सुटेल.” तातडीने सिझर केलं म्हणून दोघं वाचली, पिशवी फाटायलाही वेळ लागला नसता. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांचा फोन आला, तो मुलगा की मुलगी विचारायला!

हेच औषध बाळ बाहेर आल्यावर १० युनिट टोचलं की रक्तस्राव आवरतो. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. लेखात याचा पत्ता नाही, पण दूध सोडावं म्हणून म्हशींना इंजेक्शन देतात त्याला मोठी चौकट. या म्हशींपायीच २०१८ साली केंद्राने खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी केली होती. ती त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा कुठे बाळंतिणींचा विचार झाला.

आणि लेखाला खेटूनच सिझरचा शुभमुहूर्त काढून देणाऱ्या ज्योतिषांची जाहिरात! तिच्यात पत्ता, वेळ, दक्षिणा सगळं बिनचूक. पुढच्या वेळी आरोग्याच्या लेखाचं प्रूफही त्यांनाच दाखवा.

– एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा