मानेच्या कडक पट्ट्यावर ‘काढण्याची तारीख’ कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघातानंतर किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण मानेला कडक पट्टा लावून घरी जातात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, टाके काढण्याचा दिवस असे सगळे लिहिलेले असते. पट्ट्यापुढे मात्र ‘कॉलर चालू ठेवा’ एवढेच. कधीपर्यंत? झोपतानाही का? आतली कातडी कोणी बघायची? मोडलेला मणका जुळेपर्यंत साधारण 6 ते 12 आठवडे पट्टा लागू शकतो आणि तो स्वतःच्या मनाने काढणे धोक्याचे आहे, हे आधी स्पष्ट करतो. पण लावलेल्या पट्ट्याचीही निगा राखावी लागते.

पट्टा मान धरतो म्हणजे तिचा भार हनुवटी, जबडा, डोक्याची मागची बाजू, कॉलरबोन आणि छातीच्या हाडावर टाकतो. इथे कातडीखाली लगेच हाड असते. बेशुद्ध रुग्णाला दुखते हे सांगता येत नाही, त्यामुळे अतिदक्षता विभागात दोन-तीन दिवसांतही जखम होऊ शकते. सर्वांत उशिरा सापडते ती डोक्यामागची, कारण ती केसांत लपते आणि रुग्ण तिच्यावरच झोपलेला असतो. बोटाने दाबून सोडल्यावर फिकी न पडणारी लाली ही जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हात लावून जागा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का, ते पाहावे.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तरच पट्टा उघडायचा आणि तोही दोघांनी. रुग्ण उशीशिवाय सपाट झोपलेला हवा. एकाने दोन्ही हातांनी डोके स्थिर धरायचे, दुसऱ्याने पुढचा भाग काढून कातडी साबण-पाण्याने पुसायची, कोरडी करायची आणि नीट बघायची. पावडर, तेल, क्रीम काही नको. घामात त्याचा चिखल होतो. मंगळसूत्र, साखळी, कानातले आधीच काढून ठेवावे. अंबाडा किंवा जाड वेणी मागे आली की पट्टा वर सरकतो. पुरुषांनी दाढी याच वेळी आडवे पडून करून घ्यावी. पट्टा परत लावताना पुढच्या भागाच्या कडा मागच्या भागाच्या वर याव्यात आणि दोन्ही बाजूंचे वेल्क्रो सारखे ओढलेले असावेत. हनुवटी पट्ट्याच्या आत घसरत असेल, तर माप चुकले आहे; तिथे वेल्क्रो आवळून काही साधत नाही.

आपल्याकडे सर्रास दिसणारा दोन तुकड्यांचा फिलाडेल्फिया कॉलर फोमचा असतो. तो घाम शोषत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात त्याच्या आत पुरळ आणि बुरशी न झाली तरच नवल. आत पातळ सुती कापड घालता येते, मात्र त्याला चुणी नको.

गिळण्याच्या त्रासाकडे घरचे फारसे लक्ष देत नाहीत. पट्ट्यात हनुवटी उचललेली राहते आणि गिळताना कंठ वर सरकायला अडथळा होतो. वृद्धांमध्ये घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना ठसका किंवा जेवल्यावर ओलसर, घोगरा आवाज आला, तर डॉक्टरांना कळवावे. ताठ बसून छोटे घास घ्यावेत, नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. पट्ट्यामुळे पायाखालचे दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे. जिन्यावर सोबत हवीच.

डोक्याला मार असेल, तर घट्ट पट्टा मानेतल्या शिरा दाबून मेंदूवरचा दाब वाढवतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये (मणके एकमेकांना जुळून पाठ-मान ताठ होणारा सांध्यांचा आजार) मान आधीच पुढे वाकून आखडलेली असते. ती जबरदस्तीने सरळ करून पट्टा चढवला, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. अशा वेळी मान आहे त्याच स्थितीत उशा व गुंडाळ्यांनी आधार द्यावा लागतो. बेशुद्ध प्रौढ रुग्णाच्या चांगल्या प्रतीच्या सीटी स्कॅनमध्ये इजा नसेल, तर पट्टा काढावा, अशी शिफारस अमेरिकेतील ट्रॉमा तज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्येच केली आहे.

राहिला ‘स्पॉन्डिलोसिस’साठी, म्हणजे मानेच्या मणक्यांच्या झिजेसाठी, मेडिकलमधून माप न घेता आणलेला पट्टा. हातात जाणाऱ्या, नुकत्याच सुरू झालेल्या कळांवर अर्धकडक पट्टा उपयोगी ठरल्याचे 2009 च्या डच अभ्यासात दिसले. पण तिथे तीन आठवडे लावून पुढच्या तीन आठवड्यांत तो सोडवला होता. महिनोन् महिने लावला की मानेचे स्नायू क्षीण होतात. मग पट्टा काढताच डोके जड वाटते आणि रुग्ण म्हणतो, ‘बघा, याच्याशिवाय जमत नाही.’

म्हणून रुग्णालयांना विनंती, की पट्ट्याचा प्रकार व माप, रोज किती तास लावायचा, धुण्यासाठी कोणी उघडायचा आणि फेरतपासणीची तारीख एवढे कार्डावर लिहून द्यावे. शक्य तिथे पट्ट्याच्या आतल्या पॅडचा दुसरा जोडही द्यावा; एकच जोड असला, की घरी ओलाच पॅड परत चढवला जातो.

– अस्थिरोग विभागात काम करणाऱ्या परिचारिका व फिजिओथेरपिस्ट, नागपूर