मंग्या, मंडळाच्या उरलेल्या पैशांबद्दल

प्रिय मंग्या,

काल तुझं स्टेशन आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितोय. गणपतीची उरलेली वर्गणी कुणाच्या तरी बायपाससाठी देऊ म्हणालास, जरूर देऊ, ज्याच्या घरात दुखणं असतं त्यालाच कळतं. पण त्यातले थोडे बाजूला काढून चाळीत सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, ट्रेनिंग घेऊया रे, मला हे अगदी मनापासून वाटतंय.

कसं आहे, हृदय बंद पडलं की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि कुणी काहीच केलं नाही तर माणूस वाचायची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. केईएम जवळ आहे हे खरंय, पण संध्याकाळी सातला लालबागचं ट्रॅफिक तुला माहितीये, त्यात तिसऱ्या मजल्यावरून त्या अरुंद जिन्याने माणूस खाली आणायचा. १०८ कितीही धावत आली तरी पहिली मिनिटं शेजाऱ्यांच्याच हातात.

आणि लोक गोंधळतात कुठे माहितीये, माणूस पडल्यावर मधूनच आचके देतो, घशातून घुरघुर येते, मग वाटतं श्वास चालूये, कुणी पाणी पाजतं, कुणी कांदा हुंगवतं, आणि वेळ जातो. शुद्ध नाही, श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा आणि सुरू करायचं. गादीवर नाही, जमिनीवर. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात, कोपर ताठ, ५ ते ६ सेंटीमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचायला सोपं आहे पण किती जोर लावायचा ते मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात ठेवल्याशिवाय कळतच नाही, म्हणून तर नुसते पोस्टर लावून भागणार नाही.

शिवाय दोनच मिनिटांत दाबणारा दमतो, दाब कमी पडायला लागतो, माणूस बदलावा लागतो. म्हणजे चाळीत एकट्याने शिकून उपयोग नाही, प्रत्येक मजल्यावर चार-पाच जण तरी हवेत. बहुतेक वेळा हे घरातच घडतं, आणि दुपारी घरी कोण असतं? बायका आणि म्हातारी माणसं. त्यामुळे पहिली बॅच महिला मंडळाचीच, मग पथकातली पोरं, ती ठेका अजिबात सोडत नाहीत.

२९ सप्टेंबरला वर्ल्ड हार्ट डे असतो, त्याच्या जवळचा रविवार धरू. शिकवणारे सर्टिफाइड ट्रेनरच हवेत, यूट्यूब बघून नको. खजिनदार तू आहेस, मीटिंगमध्ये विषय तूच काढ, मी अनुमोदन देतो, आणि हॉलचं वहिनींना आजच विचारून ठेव कारण रविवारी तिथे हळदीकुंकू नाहीतर बारसं असतंच.

तुझाच,
सच्या